मोडलेला दांता आणि आंकड्यांवर चालणारें मिलिंग यंत्र

ऊस तोडून बांधावर येऊन पडला आहे, गुऱ्हाळाची चूल पेटलेली आहे, आणि अशा ऐन वेळीं चरकाच्या लहान दांतेचाकाचा एक दांता मोडून पडतो. ही आपत्ति केवढी असते हें ज्याच्यावर ती आली असेल त्यासच ठाऊक. तोडलेला ऊस कोणाची वाट पाहत नाहीं. त्याचें वजन दिवसेंदिवस घटतें, त्यांतील साखरेचें विघटन होऊं लागतें, आणि मग त्या रसाचा गूळ धड बसत नाहीं.

आमच्या एका सभासदावर गेल्या हंगामांत हाच प्रसंग आला. त्यांनीं मोडकें चाक पिशवींत घालून शहर गांठलें, एका कारखान्यांत तसेंच दुसरें चाक करून घेतलें आणि तिसऱ्या दिवशीं चरक पुन्हा सुरू केला. चाक दिसावयास उत्तम होतें. परंतु पंधरा दिवसांच्या आंत त्याचे दांते झिजून सुरीच्या पात्यासारखे पातळ झाले व काम दुसऱ्यांदा बंद पडलें. चौकशी केली तेव्हां असें आढळलें कीं, चाक नरम पोलादाचें होतें व त्यास पाणी दिलेलें नव्हतें. कारखानदारानें विचारलें नाहीं आणि आमच्या सभासदांनीं सांगितलें नाहीं. दोष कोणा एकाचा नव्हता, पण नुकसान मात्र एकाचेंच झालें.

शेतकऱ्याच्या घरीं आज पंप, मळणीयंत्र, ट्रॅक्टर, रोटाव्हेटर यांपैकीं कांहीं ना कांहीं असतेंच. तेव्हां धातूचे भाग कसे कापले जातात, आणि हल्लीं ज्याचें नांव जिकडे तिकडे ऐकूं येतें तें सीएनसी मिलिंग यंत्र काय करतें व काय करीत नाहीं, हें त्यानें थोडेंबहुत जाणून घेणें अवश्य झालें आहे. तेवढ्याच हेतूनें आम्ही हा विषय येथें मांडीत आहों.

धातु कापणें म्हणजे काय

लोहार धातूस आकार देतो तो ठोकून. ओतारी देतो तो वितळलेला रस सांच्यांत ओतून. तिसरी रीत म्हणजे नको असलेला भाग कापून काढणें. या रीतीनें मिळणारा नेमकेपणा पहिल्या दोहोंत येत नाहीं. म्हणून पंपाचें कवच बिडाचें ओतलें, तरी जेथें बेअरिंग बसावयाचें किंवा जेथें दोन भाग एकमेकांस भिडावयाचे, तेवढी जागा कापूनच काढावी लागते.

कापण्याची क्रिया समजण्यास नांगरासारखें दुसरें उदाहरण नाहीं. नांगराचा फाळ जमिनींत शिरतो व मातीचा पट्टा उचलून बाजूस उलटवितो. हत्याराची धारही तशीच पाचरीसारखी धातूंत शिरते, पुढचा थर सरकवून तोडते आणि तो थर किसाच्या रूपानें हत्याराच्या अंगावरून वर चढतो. भेद इतकाच कीं, येथें घर्षण व दाब फार मोठे असल्यामुळें उष्णता अतिशय निर्माण होते. या उष्णतेचा मोठा वाटा किसाबरोबर निघून जावा, अशीच कारागिराची खटपट असते. पोलादाचा कीस निळा पडलेला दिसतो तो याच उष्णतेनें. हत्यारावर दुधासारखें पांढरें पाणी सोडतात तेंही याचसाठीं. पाण्यांत विशिष्ट तेल मिसळून तें केलेलें असतें व तें थंडावा आणि वंगण हीं दोन्ही कामें करतें. बिडाचा कीस मात्र लांब न निघतां भुग्यासारखा पडतो, आणि बीड बहुधा कोरडेंच कापतात.

लेथवर काम फिरतें व हत्यार न फिरतां त्याच्या अंगावरून सरकतें. म्हणून तेथें दांडे, बुश, पुली असे गोल भाग होतात. मिलिंग यंत्रावर उलट प्रकार असतो. तेथें अनेक दांत्यांचें हत्यार, म्हणजे कटर, जागेवर फिरतो आणि शिकंज्यांत पकडलेलें काम टेबलासह त्याच्याखालून सरकतें. सपाट पृष्ठभाग, चावीची खाच, दांतेचाकाचे दांते, वांकडेतिकडे खोलगट आकार हीं मिलिंगचीं कामें. अगदीं शेवटचा बारीक हात द्यावयाचा असल्यास सहाणेच्या चाकावर घांसून काढतात.

वेग आणि धार यांचा हिशेब

कटर किती वेगानें फिरवावा हा प्रश्न अंदाजाचा नव्हे, हिशेबाचा आहे. धार धातूवरून मिनिटास किती मीटर जाते त्यास कापण्याचा वेग म्हणतात. हायस्पीड पोलादाच्या कटरनें नरम पोलाद कापतांना हा वेग सुमारें २५ मीटर धरतात. कटर २० मिलिमीटर व्यासाचा असेल, तर त्याच्या एका फेऱ्यांत धार सुमारें ६३ मिलिमीटर चालते. म्हणजे मिनिटास सुमारें ४०० फेरे झाले पाहिजेत. कटरला चार दांते असून प्रत्येक दांत्यानें मिलिमीटरचा दहावा भाग कापावा असें ठरविलें, तर ४०० गुणिले ४ गुणिले ०.१ मिळून टेबल मिनिटास १६० मिलिमीटर सरकलें पाहिजे. टंगस्टन कार्बाइडचें हत्यार असेल तर वेग याच्या कित्येक पट चालतो. कारण कार्बाइड तापलें तरी आपला कठीणपणा पुष्कळ वेळ सोडीत नाहीं.

घाई केली तर काय होतें, हें अमेरिकेंतील फ्रेडरिक टेलर यांनीं दाखवून दिलें. सुमारें २६ वर्षें ते या एकाच विषयावर प्रयोग करीत होते, व त्यांत साडेतीन लाख किलोहून अधिक लोखंड व पोलाद त्यांनीं कापून किसांत घातलें. १९०६ सालच्या अखेरीस त्यांनीं आपला निष्कर्ष इंजिनिअरांपुढें मांडला. त्याचें सार असें कीं, वेग थोडा वाढविला कीं हत्याराचें आयुष्य फार घटतें. हायस्पीड पोलादाच्या बाबतींत वेग एक दशांशानें वाढविला, तर धार सुमारें निम्म्या वेळांत बोथट होते. बैलांस दामटून एक दिवस जास्त काम काढावें व पुढें चार दिवस ते बसून राहावेत, असाच हा प्रकार होय.

दांतेचाक कसें होतें

आतां आपल्या मोडक्या चाकाकडे वळूं. सरळ दांत्यांच्या चाकाचें मुख्य माप म्हणजे मॉड्यूल. तें काढण्यास मोठी विद्या लागत नाहीं. चाकाचे दांते मोजावेत, त्यांत दोन मिळवावेत, आणि चाकाच्या बाहेरच्या व्यासास त्या संख्येनें भागावें. बाहेरचा व्यास १६० मिलिमीटर व दांते १८ असल्यास १६० भागिले २०, म्हणजे मॉड्यूल ८ आला. दांत्याची खोली साधारणतः मॉड्यूलच्या सव्वादोन पट असते. म्हणजे येथें १८ मिलिमीटर. भागाकार नीट न आला तर चाक इंची मापाचें असूं शकतें, किंवा त्याचे दांते मुद्दाम कमीअधिक उंचीचे केलेले असूं शकतात. दांत्याच्या बगलेचा कोनही जुन्या व नव्या चाकांत निरनिराळा आढळतो. म्हणून केवळ मोडकें चाक नेऊन भागत नाहीं. ज्याशीं तें जुळतें तें दुसरें चाकही न्यावें, व दोन दांड्यांमधील अंतर मोजून न्यावें, असा आमचा आग्रह आहे.

हातानें चालणाऱ्या मिलिंग यंत्रावर असे दांते कापण्यासाठीं विभाजक नांवाचें साधन लावतात. त्याची मूठ ४० वेळां फिरविली म्हणजे चाक एकदां फिरतें. १८ दांते पाडावयाचे तर प्रत्येक दांत्यास ४० भागिले १८, म्हणजे दोन पूर्ण फेरे व आणखी दोन नवमांश फेरा द्यावा लागतो. हा दोन नवमांश डोळ्यांच्या अंदाजानें कसा साधणार? त्यासाठीं भोंकें पाडलेली तबकडी असते. तिच्यावरील २७ भोंकांच्या वर्तुळावर सहा भोंकें पुढें गेलें कीं बरोबर दोन नवमांश होतो. एक खाच कापावी, दोन फेरे व सहा भोंकें मोजावींत, पुन्हा कापावें, असें अठरा वेळां केलें म्हणजे चाक पुरें झालें. मध्येंच कोणी हांक मारली व एक भोंक चुकलें, तर सगळें काम फुकट. जुने कारागीर या वेळीं कोणाशीं बोलत नसत तें उगीच नव्हे.

आंकड्यांवर चालणारें यंत्र

हें मोजणें आणि मूठ फिरविणें मनुष्याच्या हातून काढून यंत्राच्या स्वाधीन करावें, ही कल्पना अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत राहणाऱ्या जॉन पार्सन्स यांच्या कारखान्यांत पुढें आली. ते हेलिकॉप्टरचीं फिरतीं पातीं तयार करीत. पात्याचा बांक नेमका यावा म्हणून त्यावरील पुष्कळशा बिंदूंचीं स्थानें छिद्रपत्रांच्या गणकयंत्रावर काढून त्या आंकड्यांप्रमाणें कटर नेण्याची रीत त्यांनीं बसविली. १९४९ सालीं तेथील हवाईदलानें हें काम त्यांच्याकडे दिलें, पुढें मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रज्ञान संस्था त्यांत आली, आणि १९५२ सालच्या सप्टेंबरांत त्या संस्थेनें कागदी फितीवरील छिद्रें वाचून चालणारें मिलिंग यंत्र लोकांस दाखविलें. पुढें १९७० नंतरच्या दशकांत लहान संगणक स्वस्त होऊन यंत्राच्या अंगींच बसूं लागला. यासच संगणकानें अंकनियंत्रित यंत्र, अर्थात् सीएनसी, असें म्हणतात.

या यंत्राचें मर्म दोन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट स्क्रूची. गाडीच्या जुन्या चाकाप्रमाणें साध्या स्क्रूंतही थोडी मोकळीक असते; मूठ उलट फिरविली तर टेबल लगेच मागें येत नाहीं. सीएनसी यंत्रांत स्क्रू व नट यांच्यामध्यें पोलादी गोळ्या धावत असतात व त्या आधींच दाबून बसविलेल्या असतात, त्यामुळें ही मोकळीक जवळजवळ उरत नाहीं. दुसरी गोष्ट उलट खबरेची. शेतांत दारें धरणारा मनुष्य पाणी सोडून झोंपी जात नाहीं. तो सरीच्या टोंकाशीं पाणी पोंचलें कीं नाहीं हें पाहतो व मगच दारें मोडतो. त्याचप्रमाणें या यंत्राच्या मोटारीवर बसविलेलें मोजणीचें साधन टेबल कोठवर आलें हें क्षणोक्षणीं संगणकास कळवितें, आणि हुकुमांत व वस्तुस्थितींत अंतर दिसतांच संगणक मोटारीस तितकें पुढें किंवा मागें नेतो.

हुकूम अक्षरें व आंकडे यांनीं लिहितात. डावीउजवीकडची दिशा एक्स, पुढचीमागची वाय, वरखालची झेड. 'जी ०१ एक्स ५० एफ १६०' या ओळीचा अर्थ इतकाच कीं, मिनिटास १६० मिलिमीटर चालीनें सरळ रेषेंत एक्सच्या ५० या जागीं जा. वर आपण हिशेबानें काढलेली चाल ती हीच. 'जी ०२' व 'जी ०३' हे कमानीचे हुकूम, 'एम ०३' म्हणजे कटर फिरव, 'एम ०८' म्हणजे पाणी सोड. वाचकांच्या ध्यानांत येईलच कीं, यंत्र बदललें तरी विद्या तीच राहिली. वेग, चाल आणि खोली हीं मनुष्यानेंच ठरवावयाचीं असतात. यंत्र आज्ञाधारक आहे, शहाणें नाहीं. ५० च्या जागीं ५०० लिहिलें गेलें, तर तें निमूटपणें कटर शिकंज्यावर नेऊन आदळील.

कोणतें काम कोठें करावें

सीएनसीवर केलेलें तें सर्वच उत्तम, असा एक समज पसरत आहे. तो खरा नाहीं. एक काल्पनिक हिशेब घेऊं. एका भागासाठीं सीएनसीवर कार्यक्रम लिहिणें व काम बांधणें यांस चार तास, आणि प्रत्यक्ष कापण्यास वीस मिनिटें लागतात असें समजूं. तोच भाग हातयंत्रावर तयारीस अर्धा तास व कापण्यास दीड तास घेतो. एकच नग हवा असल्यास सीएनसीस चार तास वीस मिनिटें लागतील व हातयंत्रास दोनच तास. परंतु शंभर नग हवे असतील, तर सीएनसीवर नगामागें साडेबावीस मिनिटांहूनही कमी वेळ पडेल, आणि हातयंत्रावर दीड तासाच्या खालीं कधींच येणार नाहीं. शिवाय शंभरावा नग पहिल्यासारखाच निघेल. म्हणून एका मोडक्या चाकासाठीं चांगला हातकारागीर गांठणें हेंच पुष्कळदां शहाणपणाचें. चाकें मोठ्या संख्येनें हवीं असल्यास हॉबिंग यंत्रावर तीं याहूनही लवकर होतात.

जेथें नेमकेपणा हा मुख्य, तेथें मात्र सीएनसीचा उपयोग थोर आहे. पुष्कळ लहान यंत्रांत ६२०५ क्रमांकाचें बेअरिंग असतें. त्याचें भोंक २५ मिलिमीटर व बाहेरचा व्यास ५२ मिलिमीटर. तें ज्या घरांत बसतें त्याचें भोंक ५२ पासून ५२.०३ मिलिमीटरपर्यंत चालतें, असें एक प्रचलित प्रमाण आहे. ही तीन शतांश मिलिमीटरची सूट माणसाच्या केंसाच्या जाडीहूनही कमी झाली. भोंक सैल झालें तर बेअरिंगची बाहेरची कडी घरांत फिरून घर खाते. घट्ट झालें तर आंतल्या गोळ्या आवळल्या जाऊन बेअरिंग तापतें. बेअरिंग वारंवार जात असल्यास दर वेळीं नवें बेअरिंग आणण्यापूर्वीं घर मोजून पाहावें.

महाराष्ट्रांत यासाठीं फार दूर जावें लागत नाहीं. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं त्या वेळच्या औंध संस्थानांतील माळावर किर्लोस्करवाडी वसवून तेथें लोखंडी नांगर करण्यास आरंभ केला. शेताची गरज आणि कारखान्याची विद्या यांची गांठ आपल्याकडे तेव्हांपासूनची आहे. कोल्हापूरच्या शिरोली व गोकुळ शिरगांव भागांत आज ओतकाम व यंत्रकाम यांचे कारखाने आहेत, आणि सीएनसी यंत्रें तेथें नवलाचीं राहिलेलीं नाहींत.

काम देतांना काय सांगावें

आमच्या सभासदांचें चाक झिजलें तें माप चुकून नव्हे, धातु चुकून. नरम पोलादांत कार्बन फार थोडा असतो, म्हणून तें तापवून पाण्यांत बुडविलें तरी म्हणण्यासारखें कठीण होत नाहीं. त्याच्या पृष्ठभागीं आधीं कार्बन मुरवून मग पाणी दिलें, तर आंतून चिवट व बाहेरून कठीण असें उत्तम चाक होतें. दुसरा मार्ग म्हणजे ईएन ८ सारखें शेंकडा सुमारें ०.४ कार्बन असलेलें पोलाद घेऊन दांत्यांस पाणी देणें. काम देतांना पोलाद कोणतें व पाणी कोणतें, हें दोन्ही कागदावर लिहून घ्यावें. चाक हातीं येतांच एका दांत्याच्या कडेवर कानस ओढून पाहावी. कठीण दांत्यावर कानस घसरते, नरम दांत्यांत ती चावते. ही परीक्षा फुकट आहे व क्षणाची आहे.

चाक बसविल्यावर दांत्यांस तेलांत कालवलेला रंग लावून तें हातानें फिरवावें. रंगाचा ठसा दांत्याच्या रुंदीच्या मध्यभागीं उठला पाहिजे. एकाच टोंकास उठला तर दांडे समांतर नाहींत असें समजावें. जुनें जोडीचें चाक फार झिजलें असल्यास जोडीच बदलावी. झिजक्या चाकाशीं जुंपलेलें नवें चाक लवकर बिघडतें.

आणखी एक सूचना प्राणाची आहे म्हणून लिहितों. कारखान्यांत फिरत्या यंत्राजवळ उपरणें, सैल बाह्या किंवा हातमोजे घालून उभे राहूं नये, व कीस हातानें ओढूं नये. तो सुरीसारखा कापतो.

सर्वांत चांगला उपाय मात्र हंगामापूर्वींचा आहे. उन्हाळ्यांत यंत्रें मोकळीं असतांना लवकर झिजणाऱ्या भागांचीं मापें घेऊन वहींत उतरून ठेवावींत, आणि ज्या भागावांचून काम अडतें तो एक नग जवळ बाळगावा. एकाच बनावटीचे चरक वा पंप गांवांत दहावीस असतील, तर सोसायटीनें सर्वांसाठीं मिळून वीस नग एकदम करून घ्यावेत. वर दाखविलेला सीएनसीचा फायदा मग शेतकऱ्याच्या पदरीं पडेल. आणि ज्यांच्या मुलांचा हात व हिशेब दोन्ही चांगले आहेत, त्यांनीं औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतील मशिनिस्टच्या किंवा टर्नरच्या शिक्षणाचा विचार अवश्य करावा. ज्या गांवांत दांते मोजणारा एक तरी तरुण आहे, त्या गांवचा ऊस बांधावर वाळत पडणार नाहीं.

आमच्या त्या सभासदांनीं दुसरें चाक पाणी दिलेलें करून घेतलें. पहिल्या दिवशीं त्यांनीं स्वतः कानस लावून पाहिली, आणि मगच चूल पेटविली.